कोरडा कूलर

रंगपंचमीचा गुलाबी डाग न्हाणीच्या फरशीवरून अजून पुरता निघालेला नसतो, आणि उज्जैनच्या हवेत भुसा यायला लागतो. गहू कापून झालेला असतो. चारी बाजूंच्या गावांत मळणी चालू असते, आणि तिच्यातलं जे काही हलकं, सोनेरी, टोचरं असतं ते वाऱ्यावर बसून शहरात येतं. खिडकीच्या गजांवर बसतं, वाळत घातलेल्या साडीच्या निऱ्यांत बसतं, दह्याच्या सायीवर बसतं. दुपारी उन्हाची तिरीप खोलीत आली की तिच्यात ते तरंगताना दिसतं, आणि खरं सांगायचं तर फार सुंदर दिसतं. आमच्या घरात मात्र त्याला कोणी कधी सुंदर म्हटलं नाही. बाबांना दमा होता. आता तो मला आहे.

यंदा भुसा आला त्याच आठवड्यात माझ्या खोलीत एक मशीन आलं. माझ्या भाचीने पुण्याहून पाठवलं. पांढरं, उभट, घरात कोणी न बोलावलेला पाहुणा कोपऱ्यात बसावा तसं बसलेलं. बटण दाबलं की निळा दिवा लागतो आणि ते गुरगुरत खोलीतली हवा गाळायला लागतं. भाचीची आई, म्हणजे माझी भावजय मंजिरी, सकाळ-दुपार येऊन ते चालू करते, आता बघा कसं बरं वाटेल म्हणते, आणि तिच्या मालिकेसमोर जाऊन बसते. पूर्वी ती माझ्या पाठीला बाम चोळत बसायची. असो.

परवा मी त्या मशीनचं झाकण काढून आत पाहिलं. मास्तरकी केलेल्या माणसाला झाकण उघडल्याशिवाय चैन पडत नाही. आत घड्या घातलेली एक पांढरी गादी होती, कापसासारखी, पण कापूस नव्हे. खोक्यावर लिहिलं होतं की ही गादी वापरून टाकलेल्या प्लॅस्टिकपासून बनवली आहे. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि एक जुनी, ओळखीची कळ उठली. हेव्याची. केस पांढरे झाले, दाढा गेल्या, बाकीच्या बऱ्याच हौशी आपोआप गळून पडल्या, पण हा हेवा जागच्या जागी आहे. आणि तो त्याच बाईविषयी आहे, मंजिरीविषयी.

तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची ती वर्षं अशी होती की सगळंच नवीन येत होतं. टीव्हीवर एकाच्या जागी ढीगभर चॅनेल आले. वाण्याच्या दारात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लोंबू लागल्या. दूध पिशवीत आलं. तागाच्या गोणीतून येणारी साखर पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पोत्यांतून येऊ लागली, आमच्याकडे त्यांना कट्टे म्हणतात. माल संपायचा आणि प्लॅस्टिक उरायचं. रामघाटावर पूर्वी लोक पानाच्या द्रोणातून फुलं सोडायचे, ते आता पिशवीसकट सोडू लागले, आणि क्षिप्रेच्या काठाला त्या पिशव्या फुगून अडकलेल्या असायच्या. देवास गेटच्या बाजूला किराण्याच्या घाऊक दुकानांमागे रिकाम्या कट्ट्यांचे ढीग पडत. अशाच एका उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या फ्रीगंजातल्या घरातही एक नवीन गोष्ट आली. माझ्या धाकट्या भावाची, शेखरची, बायको.

मंजिरी इंदूरची. तिचे वडील तिथल्या एका कापडगिरणीत सूतकताईच्या खात्यात होते, आणि गिरणी बंद पडल्यावर घरी बसले होते. मुलगी विज्ञानाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकलेली, गोरी नव्हे पण तकतकीत, आणि हाताला क्षणभर स्वस्थता नाही. बोलताना काहीतरी उसवायची, नाहीतर विणायची. मी तेव्हा मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते, लग्नाचा विषय मागे टाकला होता, आणि घराच्या किल्ल्या माझ्या कमरेला होत्या. किल्ल्या मागून घेतल्या असत्या तर मी एकवेळ दिल्या असत्या. तिने किल्ल्यांकडे पाहिलंही नाही.

ज्याच्यावर माझा खरा हक्क होता ते म्हणजे बाबांची दुपार.

बाबा रेल्वेत गार्ड होते. सगळी नोकरी उज्जैन-भोपाळ गाडीच्या शेवटच्या डब्यात गेली. निवृत्त झाल्यावर दमा वाढला, आणि त्यांनी तो मोजायची स्वतःची पद्धत काढली. एका श्वासात ते त्या लाइनीवरची स्टेशनं म्हणत. उज्जैन, तराना रोड, मक्सी, बेरछा, अकोदिया, शुजालपूर, कालापीपल, सिहोर, भोपाळ. डॉक्टरांच्या नळीपेक्षा मला ही पद्धत खात्रीची वाटायची. पावसाळ्यात, हिवाळ्यात गाडी आरामात शुजालपूर गाठायची. गव्हाच्या दिवसांत ती मक्सीला अडकायची. मी विचारायची, बाबा, कुठपर्यंत? आणि ते खाली बघत म्हणायचे, "मक्सीवरच थांबून गेली."

सकाळच्या पाळीची शाळा सुटली की मी धावत घरी येई. बाबांच्या खिडकीला वाळ्याचा पडदा होता. मी लोट्याने त्यावर पाणी शिंपडायची. पाणी पडलं की वाळा एकदम वासाला यायचा, ओल्या मातीला साखर लावल्यासारखा, आणि बाहेरचा भुसा त्या ओलसर काड्यांना चिकटून राहायचा, निदान थोडा तरी. मग मी स्टुलावर बसायची. पडदा वाळेपर्यंत बसायचं, वाळला की पुन्हा शिंपडायचं. मधल्या वेळात बाबा एकेका स्टेशनाची गोष्ट सांगायचे. बेरछ्याला भर उन्हात सिग्नल मिळेना म्हणून उतरून खाल्लेली टरबुजं, अकोदियाला डब्यात चढलेली बकरी. मी त्या गोष्टी इतक्यांदा ऐकल्या होत्या की बकरीचा रंग ते चुकले तर मी दुरुस्त करायची. मला वाटायचं, बाबांचा श्वास माझ्या लोट्यावर चालतो. हे कोणी बोलून दाखवलं नव्हतं, पण आळीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि मला त्याचा अभिमान होता. शेजारच्या चौबेकाकू आपल्या सुनांना, सुमनकडे बघा म्हणून, माझं उदाहरण द्यायच्या.

मंजिरीने आल्या आल्या पंधरा-वीस दिवस हे सगळं नुसतं पाहिलं. मग एक दिवस ती देवास गेटवरून साखरेचे रिकामे कट्टे घेऊन आली, रिक्षाच्या टपावर बांधून. अंगणात बसून तिने त्यांच्या पट्ट्या उसवल्या. गरम पाण्यात धुण्याची पावडर घालून त्या धुतल्या, दोरीवर वाळवल्या. नंतर गंज काढायचे तारेचे दोन ब्रश आणले, आणि एका ब्रशवर पट्ट्या ठेवून दुसऱ्याने विंचरायला लागली. चपटी पट्टी विंचरता विंचरता फाटत जाई, केसासारखी बारीक होत जाई, आणि शेवटी त्याची फुगीर पांढरी लोकर बनायची. वडिलांच्या गिरणीत कापूस असाच पिंजला जाताना तिने लहानपणी पाहिला होता. अंगणभर प्लॅस्टिकची म्हातारी उडत होती. चौबेकाकूंनी भिंतीवरून मला हळूच विचारलं की बहूने कबाड्याचं काम काढलं आहे का. मला बरं वाटलं.

ती भैरवगढला जाऊन कापडावर ठसे मारणाऱ्या छापखान्यातून मलमलीचे तुकडे घेऊन आली, ठसा तिरका बसल्यामुळे बाजूला टाकलेले. दोन मलमलींच्या मध्ये ती लोकर पसरून तिने गोधडीसारखे टाके घातले. मग बाबांचा जुना लोकरी मफलर घेतला आणि त्या गादीवर घासायला लागली, भराभर, भांडं घासावं तशी. आमच्याकडची चैत्रातली कोरडी हवा तुम्हाला माहीत आहे, साडी बदलताना चटचट आवाज येतो. घासून झाल्यावर तिने गादी नुसती खिडकीशी धरली, आणि उन्हाच्या तिरिपीतला भुसा वाट बदलून तिच्याकडे आला.

मी दारात उभी होते. कंगवा केसांवर घासायचा आणि कागदाचे कपटे उचलायचे, हा प्रयोग मी दर वर्षी सहावीच्या मुलींना करून दाखवत होते. मुली हसायच्या, मी फळ्यावर 'घर्षणविद्युत' लिहायची आणि घंटा व्हायची. तो कंगवा आणि माझ्या बापाची छाती यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. तिच्या आलं. हे मी तिला आजतागायत माफ केलेलं नाही.

शेखरने जुन्या कूलरमधलं गवत काढलं, पंप काढला, टाकी पुसून कोरडी केली आणि तिन्ही बाजूंना मंजिरीच्या गाद्या बसवल्या. पंखा चालू झाला. आळीतले लोक बघायला आले. चौबेकाकूंनी चारी बाजूंनी फिरून पाहिलं आणि म्हणाल्या, "कूलर है, और पानी नहीं?" उज्जैनमध्ये हे म्हणजे चहा आहे आणि पत्ती नाही असं झालं. इथे खिडकीत जे काही ताणून लावलेलं असतं त्यावर माणूस जाता-येता पाणी मारतो, विचार न करता, तुळशीला घालतो तितक्या सहज. म्हणून मंजिरीने घरातल्या सगळ्यांना बजावून ठेवलं, मला दोनदा. "ताई, ह्याला सूखंच ठेवायचं हं. पाणी लागलं की हे मरून जाईल. मग धूळ पकडणारच नाही."

मी म्हटलं, मला विज्ञान शिकवू नकोस.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी शाळेतून आले तर बाबांच्या खोलीतून आवाज येत होता. उज्जैन, तराना रोड, मक्सी, बेरछा. मी चपला हातात घेऊन उभी राहिले. अकोदिया. शुजालपूर. गव्हाच्या दिवसांत मी शुजालपूर कधी ऐकलं नव्हतं. कालापीपल, सिहोर, आणि मग एक छोटा दम खाऊन, भोपाळ. आत मंजिरी टाळ्या वाजवत होती. तिला तर सिहोर कुठे आणि अकोदिया कुठे हेही माहीत नव्हतं.

आपल्या बापाला मोकळा श्वास आला आणि आपल्याला रडू आलं, तेही आनंदाचं नव्हे, हे कोणाला सांगायचं? मी स्वयंपाकघरात गेले आणि काही कारण नसताना कुकर आपटला. त्या दिवसापासून मी शाळेतून आले की बाबांच्या दारातून नुसतं डोकावायची. कूलर गुरगुरत असायचा, बाबा पेपर वाचत असायचे, श्वास साधा, गप्प, कोणाचाही असतो तसा. बरं आहे ना, एवढं विचारून मी आत निघून जाई. वाळ्याचा पडदा गुंडाळून माळ्यावर गेला होता. लोटा मोरीत पडला होता. स्टुलावर वर्तमानपत्रांची रद्दी साठायला लागली. वह्या तपासायच्या आहेत, असं मी सांगत असे. खरं म्हणजे मी रुसले होते, आणि रुसलेल्या माणसाला वाटतं तसं मलाही वाटत होतं की हे कोणाला कळत नाही.

त्या दुपारींचा वास मला आठवत नाही, कारण त्यांना वासच नव्हता. वाळ्याचा नाही, ओल्या भिंतीचा नाही. गाळलेली, कोरडी, स्वच्छ हवा. माझ्या बापाला हवी होती तशी.

मग एक दिवस कूलर ओला सापडला. खालून पाणी ठिबकत होतं, आणि गाद्यांवर जमलेल्या भुशाचा चिखल झाला होता. बाबा ओशाळून म्हणाले, आदत आहे ना, हात चालून गेला. सगळ्यांना पटलं. जन्मभर उज्जैनमध्ये राहिलेला माणूस, समोर कूलर, हातात पाण्याचा लोटा, दुसरं काय होणार? मंजिरीने गाद्या उसवल्या, लोकर धुतली, वाळवली, पुन्हा विंचरली, पुन्हा मफलर घासला. बोटांची सालं निघाली होती तिच्या. ते होईपर्यंत वाळ्याचा पडदा माळ्यावरून उतरला, मी लोटा घासून लख्ख केला आणि स्टुलावरची रद्दी खाली ठेवली. बाबांची गाडी मक्सीला अडकली, आणि आम्ही दोघं टरबुजांच्या गोष्टीवर हसलो. मी आनंदात होते. तो आनंद किती वाईट होता हे मला तेव्हाही कळत होतं, आणि तरी तो आनंदच होता.

कूलर पुन्हा चालू झाला, आणि काही दिवसांनी पुन्हा ओला झाला. या खेपेला गावाबाहेर मळणी जोरात होती आणि वारा वावटळीचा होता. मी शाळेतून आले तेव्हा बाबा पलंगाच्या कडेला दोन्ही हात रोवून बसले होते. ओठ निळसर. मी विचारलं, बाबा, कुठपर्यंत? त्यांनी तोंड उघडलं, आणि उज्जैनसुद्धा निघालं नाही. शेखर डॉक्टरांना घेऊन आला, इंजेक्शन दिलं, आणि संध्याकाळ होता होता बाबा कसेबसे तरान्याला पोचले. तेवढा वेळ मंजिरी दाराच्या चौकटीला धरून उभी होती, चेहरा खडूसारखा पांढरा. मला वाटलं, आपला कूलर फसला म्हणून शरमली आहे. मला तिची कीवही आली, आणि कीव करायला मिळाली म्हणून बरंही वाटलं.

त्यानंतर तिने कूलर बनवला नाही. लोकर एका अभ्ऱ्यात भरून बाबांच्या पाठीमागे ठेवायची उशी केली. शेखरने कितीदा म्हटलं की एवढी छान वस्तू, पुन्हा कर. ती म्हणायची, इथे लोकांना पाण्याशिवाय जमत नाही. पुढचे सगळे गव्हाचे हंगाम लोट्याचे होते, माझे होते. बाबा गेले ते एका पावसाळ्यात, भुसा नसताना, झोपेत. त्यांच्या शेवटच्या दुपारपर्यंत स्टुलावर मी होते. या एका बाबतीत मी जिंकले असं मी धरून चालले होते.

आणि परवा ते खोकं वाचल्यावर मला राहवलं नाही. मंजिरी मशीन चालू करायला आली तेव्हा मी म्हटलं, बघ, तुझीच गादी, आता कोणीतरी कारखान्यात बनवतंय. बाबांच्या हाताला पाणी मारायची सवय नसती तर तू तेव्हाच मोठी झाली असतीस. मी कौतुक करत होते असं मला वाटलं. त्यात टोचणी होतीच, पण आम्हा दोघींना एकमेकींच्या टोचण्यांची सवय आहे.

ती पलंगाच्या कडेला बसली. खोक्यावरचं वाचलं. मग म्हणाली, "आदतीने नाही, ताई. बाबा जाणूनबुजून टाकायचे पाणी."

मी चष्मा काढून हातात घेतला.

"दुसऱ्या वेळेस मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. उठून मोरीतून लोटा भरून आणला, अन् आरामात तिन्ही बाजूंनी टाकलं. मी विचारलं, तर म्हणाले, तुझा कूलर चांगला आहे बेटा, त्याचा काही कसूर नाही. पण तो चालायला लागला की सुमन येऊन बसतच नाही. गाडी भोपाळला पोचून काय फायदा, स्टेशनवर घ्यायला कोणी नसेल तर?"

खोलीत मशीन गुरगुरत होतं. मला ओठ निळे झालेली ती दुपार दिसत होती. पडदा वाळेपर्यंतची माझी सोबत मिळावी म्हणून त्या माणसाने आपल्या हाताने आपला श्वास ओतून दिला होता, आणि त्या सगळ्या दिवसांत मी शेजारच्या खोलीत वह्या तपासत बसत होते.

मी म्हटलं, हे मला तू इतक्या वर्षांत कधी सांगितलं नाहीस.

"का सांगू?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण साठीच्या बाईच्या तोंडून तेव्हाची नवी नवरी बोलत होती. "बोटं सोलून मी त्यांना साफ हवा दिली, अन् त्यांना तुमचा लोटा पाहिजे होता. मला पण जलन होत होती, ताई. तुम्हाला सांगून तुमची खुशी अजून कशाला वाढवू?"

बाबांसाठी माझे डोळे भरून आले होते, ते खरं. पण त्या पाण्याखालून जे वर येत होतं त्याला मी दुसरं नाव देणार नाही. ही हुशार, हातातून जादू काढणारी बाई, जिच्यावर मी आयुष्यभर जळत आले, ती तेवढाच वेळ, याच घरात, माझ्यावर जळत होती. मला इतकं बरं वाटलं की श्वास क्षणभर आपोआप मोकळा झाला. मंजिरीला ते दिसलं असणार. ती फणकाऱ्याने उठली, मशीनचं बटण एक घर पुढे सरकवलं आणि मालिका बघायला निघून गेली.

आज दुपारी वारा सुटला आहे. रस्त्याने भुशाने भरलेली ट्रॉली जाते आहे, तिच्या मागे सोनेरी धुराळा, आणि तो माझ्या खिडकीशी येऊन थबकतो. मशीन आपलं काम करतं आहे. निळा दिवा स्थिर आहे. माझी छाती कशी अगदी साफ आहे. पलीकडच्या खोलीत मंजिरी टीव्हीशी बोलते आहे, सुनेने सासूला उलट उत्तर दिलं म्हणून. मी हे लिहायचं थांबवलं, थोडा वेळ ऐकत बसले. मग हात लांब करून बटण बंद केलं आणि तिला हाक मारली, जरा दम लागतोय म्हणून.

ती पदराला हात पुसत आली. आधी तिने मशीनकडे पाहिलं. दिवा विझलेला होता. मग माझ्याकडे पाहिलं, चांगलं निरखून. बटणाला हात लावला नाही. कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, त्यावरची रद्दी खाली ठेवली आणि बसली.

"कुठपर्यंत जातेय गाडी?" तिने विचारलं.

आरामात भोपाळ गाठता आलं असतं. मी खाली बघत म्हटलं, "मक्सीवरच थांबून गेली."